गडद शेडमध्ये पुन्हा पुन्हा उगवणारे पांढरे ठिपके: दोष रंगाचा की कच्च्या तंतूचा?

तक्रार ठरलेली असते. नेव्ही, काळा, मरून किंवा बाटली हिरवा रंगवलेलं कापड तपासणीच्या टेबलावर येतं आणि त्यावर मोहरीहून बारीक पांढुरके ठिपके दिसतात. त्याच सुताचा फिकट आकाशी लॉट मात्र स्वच्छ गेलेला असतो. डाइंगवाले म्हणतात सूत खराब. सूतगिरणी म्हणते मिक्सिंगचा, म्हणजे एकत्र लावलेल्या गाठींचा, रिपोर्ट बघा, माइक (मायक्रोनेअर, रुईतून हवा किती सहज जाते त्याचा आकडा) ४.० आहे, नेहमी असतो तेवढाच. मग रेसिपीत थोडा बदल होतो, सोपिंग (रंगानंतरची साबणाची धुलाई) वाढवलं जातं, कार्डची, म्हणजे रुई पिंजणाऱ्या मशीनची, तार घासली जाते. पुढचे एक-दोन लॉट बरे जातात आणि त्यानंतर ठिपके परत हजर.

मधले लॉट बरे गेले ते बहुतेक वेळा उपायामुळे नाही, तर त्या वेळी लागलेल्या गाठी बऱ्या होत्या म्हणून. खालची सगळी चर्चा तंतूच्या पक्वतेची, म्हणजे त्याची भिंत किती भरली आहे याची आहे. माइकच्या एका आकड्यामागे ही पक्वता सहज लपते, आणि ठिपक्यांचा दोष तिथूनच परत येत राहतो.

आधी ठिपका ओळखा

पांढरा ठिपका दिसला की कच्चा कापूस, असा निकाल लावायची घाई करू नका. कापडावर चिकटपट्टी दाबून उचला. ठिपके पट्टीबरोबर निघून आले तर ती शेजारच्या मशीनवरून उडून बसलेली रुई आहे. रंगल्यानंतर बसली म्हणून पांढरी राहिली. निघाले नाहीत तर सौम्य ॲसेटिक ॲसिडचा थेंब टाकून हलकं चोळा. विरघळून गेले तर पाण्याच्या जडपणामुळे बसलेले क्षार आहेत, तो वेगळा विषय.

यातून उरलेले ठिपके भिंगाखाली घ्या. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. ठिपका गोळा नसून पट्टीसारखा किंवा लांबट धागा असेल तर तापवलेली सुई जवळ न्या. आकसून त्याचा कडक मणी झाला, तर ते गाठीच्या वेष्टनातलं किंवा सुतळीतलं प्लॅस्टिक आहे. कापूस असा वितळत नाही, जळून राख होतो. गोळ्याच्या पोटात तपकिरी कण दिसला तर तो सरकीच्या टरफलाचा तुकडा. ब्लीचिंगनंतर हा कण फिका पडतो आणि चटकन ओळखू येत नाही, म्हणून शंका आली की शेजारचं ग्रे (ब्लीच न केलेलं, न रंगवलेलं) कापड तपासा. गोळा आहे, पण कापडाच्याच रंगाचा किंवा जरा गडद आहे, तर तो पक्क्या तंतूंचा गुंता. मशीनने केलेला साधा नेप. हातानं चाचपला तर लागतो, डोळ्याला फारसा खुपत नाही.

आपल्याला हवा आहे तो शेवटचा प्रकार: तंतूंचा बारीक गुंता, जवळजवळ बिनरंगाचा, आणि कापड प्रकाशात तिरकं धरलं की चमकणारा. कॅलेंडरमधून (दाबाच्या रुळांतून) गेल्यावर ही चमक आणखी वाढते. सुईनं तो सोडवून काचपट्टीवर घ्या, १८ टक्के कॉस्टिक सोड्याचा थेंब द्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. कापडातून काढलेले शेजारचे चांगले तंतू त्याच द्रावणात फुगून कांडीसारखे गोल होतात. ठिपक्यातले तंतू मात्र चपट्या फितीसारखेच राहतात. हे दिसलं की रोग ठरला.

एवढं करताना एकाच ठिपक्यावर थांबू नका. एकाच कापडात दोन-तीन प्रकार मिसळलेले असणं अगदी नेहमीचं आहे. वीस-पंचवीस ठिपके उपसून कुठल्या प्रकारचे किती ते लिहून ठेवा. बहुसंख्य सरकीच्या टरफलाचे निघाले तर पुढचं वाचून उपयोग नाही. त्यांचा उगम जिनिंगमध्ये आहे.

तो तंतू रंग का दाखवत नाही

कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच लांबलचक पेशी. फूल उमललं त्या दिवसापासून साधारण तीन आठवडे ती फक्त लांब होते. त्या काळात तिची भिंत अगदी पातळ असते. लांबी संपत येते तेव्हा आतून सेल्युलोजचे थर बसायला लागतात आणि बोंड फुटण्याच्या सुमारापर्यंत, म्हणजे पुढचे तीन-चार आठवडे, भिंत जाड होत राहते. बोंड उघडून तंतू वाळला की आतली पोकळी मिटते. भिंत जाड असेल तर घेवड्याच्या दाण्यासारखा छेद आणि अंगाला नैसर्गिक पीळ. भिंत भरलीच नसेल तर उरते नुसती चपटी फीत, पाणी काढून घेतलेल्या कॅनव्हासच्या पाइपासारखी.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण खरेदीच्या टेबलावर ती नेहमी विसरली जाते. लांबी आधी ठरते, जाडी नंतर. त्यामुळे स्टेपल (तंतूची लांबी) उत्तम आहे म्हणून तंतू पक्व असेल, असं काही नाही. सुरुवातीचे तीन आठवडे छान गेले आणि नंतर झाडाची उपासमार झाली, तर लांब पण पोकळ तंतू मिळतो. तो कार्डिंगमध्ये तुटतो, आणि मग आपणच विचारतो की एवढ्या लांब रुईत इतके आखूड तंतू आले कुठून.

रंग बसतो तो भिंतीच्या सेल्युलोजमध्ये. भिंतच पातळ, तर प्रत्येक तंतूत रंगाचे रेणू कमी आणि प्रकाशाला आत चालून जायचं अंतरही कमी. त्यात चपटा पृष्ठभाग आरशासारखा उजेड परत फेकतो. शिवाय कच्चा तंतू रंगबाथमध्ये रंग पटकन घेतो आणि धुताना पटकन सोडतो. म्हणूनच सोपिंग वाढवून ठिपके कमी होत नाहीत, उलट कधी कधी अधिक उठून दिसतात. फिकट शेडमध्ये हा फरक आजूबाजूच्या रंगात मिसळून जातो, गडद शेडमध्ये मिसळायला जागाच नसते. आकाशी लॉट स्वच्छ गेला होता त्याचं कारण एवढंच. दोष त्यातही होता.

आता गुंत्याचं. पातळ भिंतीच्या तंतूला वाकताना विरोध जवळजवळ नसतो. जिनिंगपासून कार्डपर्यंतचा प्रत्येक फटका त्याला वाकवतो आणि तो स्वतःभोवती व शेजाऱ्याभोवती गुंडाळला जातो. सुटा एकटा मृत तंतू, म्हणजे भिंत जवळजवळ न भरलेला, कापडात डोळ्याला दिसत नाही. दिसतो तो त्यांचा गोळा. म्हणजे ठिपका व्हायला दोन गोष्टी लागतात, मृत तंतू आणि त्याला गुंडाळणारं मशीन. पहिली गोष्ट गाठीबरोबर येते, दुसरी आपण पुरवतो.

माइक ४.० आणि तरीही

मायक्रोनेअर हे पक्वतेचं माप आहे, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. प्रत्यक्षात ते यंत्र ठरावीक वजनाची रुई ठरावीक जागेत दाबतं आणि तिच्यातून हवा किती सहज जाते ते मोजतं. बारीक तंतू असले तरी हवेला अडथळा वाढतो, पातळ भिंतीचे असले तरी वाढतो. यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. कापूस-संशोधक लॉर्ड यांनी दिलेलं समीकरण हे स्पष्टच सांगतं: पक्वता गुणोत्तर (ते कसं काढतात ते पुढे येतं) गुणिले तंतूची रेषीय घनता, म्हणजे मिलिटेक्समधलं वजन, यांचा गुणाकार माइकवरून मिळतो. माइकचा वर्ग गुणिले ३.८६, त्यात माइक गुणिले १८.१६, त्यात १३ मिळवा. माइक ४.० ला हा गुणाकार सुमारे १४७ येतो.

आता १४७ कसा बनतो? एका गाठीत १५० मिलिटेक्सचा तंतू, पक्वता ०.९८. दुसरीत १७१ मिलिटेक्सचा तंतू, पक्वता ०.८६. दोन्हींचा माइक ४.०. पहिली मुळातच बारीक जातीची आणि भरलेली. दुसरी मुळात जाड जातीची, पण भिंत न भरल्यामुळे हलकी झालेली. रिपोर्टवर दोन्ही सारख्याच पास होतात, काळा रंग दिला की वेगळ्या पडतात.

खालच्या टोकाला तफावत आणखी बोचते. माइक ३.५ असेल तर बारीक जातीत पक्वता ०.९० च्या आसपास निघू शकते आणि जाड जातीत ०.७९ च्या. एक्स्ट्रा लाँग स्टेपल जातींत ३ च्या जवळ माइक असूनही तंतू पूर्ण भरलेला असतो. म्हणून ‘३.५ खाली घ्यायचं नाही’ असा सरसकट नियम करून चांगला माल परत पाठवणारे आणि ३.९ चा कच्चा माल आनंदानं उतरवून घेणारे, दोघंही त्याच आकड्याच्या भरवशावर चाललेले असतात.

‘पण आमच्या एचव्हीआय (गाठींची झटपट यंत्रतपासणी) रिपोर्टमध्ये मॅच्युरिटीचा वेगळा रकाना आहे,’ असं उत्तर येतं. तो रकाना मोजलेला नसतो. माइक, ताकद आणि लांबण यांवरून हिशेबानं काढलेला असतो. एकाच जातीच्या गाठी आपसात ताडायला त्याचा उपयोग होतो, ठिपक्यांच्या तक्रारीत पुरावा म्हणून तो पुढे करू नये.

सरासरीत लपलेल्या गाठी

जात एकच धरली, तरी प्रश्न संपत नाही. समजा मिक्सिंगचा सरासरी माइक ४.२ हवा आहे. सगळ्या गाठी ४.० ते ४.४ मधल्या लावून तो मिळतो, आणि अर्ध्या ३.२ च्या व अर्ध्या ५.२ च्या लावूनही मिळतो. मध्यम जाडीच्या एका जातीसाठी वरच्या समीकरणानंच हिशेब केला तर ४.२ ला पक्वता सुमारे ०.९४ येते, ५.२ ला १.०८ आणि ३.२ ला ०.७८. दुसऱ्या मिक्सिंगमधला निम्मा कापूस ०.७८ चा आहे. त्यातले मृत तंतू शेजारी ५.२ ची गाठ ठेवल्यानं जिवंत होत नाहीत. ते जसेच्या तसे कार्डपर्यंत जातात.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीत माझा पहिला संशय इथेच जातो. स्टॉकमध्ये खालच्या माइकच्या गाठी साचतात, महाग माल पडून राहू नये म्हणून त्या ‘थोड्या थोड्या’ खपवल्या जातात, आणि सरासरी सांभाळायला वरच्या माइकच्या गाठी जोडीला लावल्या जातात. कागदावर काहीच हलत नाही. म्हणून तक्रारीचा लॉट आला की त्या तारखेच्या मिक्सिंगची सरासरी मागू नका, गाठवार यादी मागा. किमान आणि कमाल माइक, आणि सर्वांत खालच्या गटात किती गाठी होत्या ते बघा. तक्रार आलेल्या व न आलेल्या अशा काही लॉटच्या याद्या शेजारी ठेवल्या की बहुतेक वेळा प्रयोगशाळेत जायच्या आधीच चित्र दिसायला लागतं.

पक्वता खरोखर मोजायची तर

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासाची पद्धत जुनीच आहे, सूक्ष्मदर्शकाची. तंतू १८ टक्के कॉस्टिकमध्ये फुगवायचे आणि मोजायचे. कांडीसारखा झालेला, आतली सलग पोकळी न दिसणारा तो नॉर्मल. भिंतीची जाडी फितीच्या रुंदीच्या एक पंचमांश किंवा त्याहून कमी तो मृत. मधला तो पातळ भिंतीचा. नॉर्मलच्या टक्क्यांतून मृतांचे टक्के वजा करा, २०० नं भागा, ०.७० मिळवा, झालं पक्वता गुणोत्तर. नॉर्मल ६५ आणि मृत १० असतील तर ०.९७५. नॉर्मल ४५ आणि मृत २५ असतील तर ०.८०.

ढोबळ मानानं ०.८५ च्या वर पक्व आणि ०.७५ च्या खाली फार कच्चा असं धरतात. मात्र ठिपक्यांसाठी मी गुणोत्तरापेक्षा मृतांचा टक्का आधी बघतो. नॉर्मल ६० व मृत १० असतानाही ०.९५ येतं आणि नॉर्मल ७० व मृत २० असतानाही ०.९५ च येतं, पण काळ्या कापडावर दुसरा कापूस पहिल्यापेक्षा कितीतरी त्रास देतो. मधले तंतू सूत थोडं कमजोर करतात, शेड थोडी फिकी करतात. ठिपका मात्र मृतच करतात. तंतूंची संख्या पुरेशी घ्या आणि नमुना गाठीच्या एकाच थरातून काढू नका. ही पद्धत बदनाम झाली आहे ती बहुतांशी आळशी नमुन्यामुळे.

झटपट नजर टाकायची असेल तर लाल-हिरवी चाचणी आहे. १९४७ साली गोल्डथ्वेट आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. एक लाल व एक हिरवा असे दोन ठरावीक डायरेक्ट रंग एकाच बाथमध्ये घालून रुई उकळायची, मग उकळत्या पाण्यात धुवायची. पक्व तंतू लाल होतो, कच्चा हिरवा. यातून आकडा मिळत नाही, पण चार गाठींचे नमुने एकत्र रंगवून शेजारी ठेवले की कोणती गाठ बाजूला काढायची ते शिकाऊ कामगारालाही सांगता येतं. आणि चाचणी नेपवरही चालते. कार्ड स्लायव्हरचा, म्हणजे कार्डमधून निघालेल्या जाड वातीचा, नमुना असा रंगवा, त्यातले नेप हिरवे दिसले तर पुढच्या ठिपक्यांची आगाऊ सूचना मिळाली.

यंत्रांमध्ये दोन वेगवेगळ्या दाबांखाली हवा सोडून बारीकपणा व पक्वता वेगळी करणारं शर्लीचं एफएमटी आहे, आणि एकेक तंतू प्रकाशासमोरून नेणारं एएफआयएस आहे. एएफआयएस अपक्व तंतूंचा टक्का वेगळा देतं. सरासरीपेक्षा तोच आकडा इथे कामाचा. नेपांच्या संख्येबाबत मात्र सावध राहा. स्लायव्हरमध्ये ग्रॅममागे ८० नेप दोन मिक्सिंगमध्ये असू शकतात. एकात ते पक्क्या तंतूंचे, रंगात मिसळून जाणारे, दुसऱ्यात मृत तंतूंचे. नेपांची संख्या जुळते आणि ठिपके जुळत नाहीत, या तक्रारीचं उत्तर हे आहे.

सूतगिरणीत काय हाती आहे

मिक्सिंगपासून सुरुवात. माइकप्रमाणे गाठींचे गट पाडा आणि प्रत्येक मांडणीत (एका वेळी लावलेल्या गाठींत) प्रत्येक गटाचं प्रमाण तेच ठेवा. एका मांडणीतून दुसरीत जाताना सरासरीत ०.१, फार तर ०.२ फरक. याहून महत्त्वाचं म्हणजे, जात किंवा मूळ वेगळं असेल तर माइक सारखा असूनही गट वेगळा करा. खालच्या गटातल्या प्रत्येक खेपेतून एक तरी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली जाऊ द्या. सगळ्या गाठी तपासणं कुणालाच जमत नाही. शंकेच्या गाठी तपासणं जमतं.

उपाय म्हणून वरचा माइकच घेत राहणं हा मार्ग महागात पडतो. ४० नंबरच्या सुताच्या छेदात १५५ मिलिटेक्सचे सुमारे ९५ तंतू मावतात, २०० मिलिटेक्सचे ७४ च. तंतू कमी झाले की सूत असमान होतं, ताकद घसरते, रिंग फ्रेमवर तुटी वाढते. ठिपक्यांची तक्रार जाऊन सुताची येते.

ब्लोरूममध्ये, जिथे गाठी फोडून बीटरनं रुई झोडपून साफ करतात, एकच प्रश्न विचारायचा: नेप कुठे वाढतात? गाठ, प्रत्येक बीटरनंतर, कार्डला जाणारा पुरवठा, कार्ड स्लायव्हर, असे नमुने एकाच दिवशी घ्या. एखाद्या बीटरवर उडी दिसली तर वेग कमी करा किंवा तो टप्पाच वगळता येतो का बघा. कच्च्या कापसाला साफ करण्यासाठी जास्त झोडपणं हा उलटा उपाय आहे. कचरा थोडा निघतो, गुंते दुप्पट होतात.

कार्ड हा नेप सोडवणारा व काढणारा खरा टप्पा. पुरवठ्यात ४०० आणि स्लायव्हरमध्ये ८० म्हणजे ८० टक्के काढले. एखादं कार्ड ६५ वर रेंगाळत असेल तर तार, फ्लॅटचं सेटिंग आणि उत्पादनाचा वेग, या क्रमानं बघा. सगळ्या कार्डांची सरासरी काढू नका. दोन बिघडलेली कार्डं पूर्ण लॉटवर ठिपके पेरायला पुरतात, आणि त्यांचे कॅन सगळ्या मशीनवर वाटले गेल्यानं दोष कुठून आला ते कळतही नाही.

कोंबिंगचा, म्हणजे रुई विंचरून आखूड तंतू काढण्याचा, फायदा निर्विवाद आहे. मृत तंतू तुटून आखूड झालेले असतात, ते नॉइलबरोबर (विंचरून निघालेल्या आखूड रुईबरोबर) जातात, नेपही जातात. गडद शेडच्या विणीव कापडासाठी कार्डेड सूत वापरायचा आग्रह असेल आणि ठिपके नकोही असतील, तर गाठी फार जपून निवडाव्या लागतील. बचत तिथेच संपते.

डाइंगमध्ये झाकता किती येतं

थोडं येतं. मर्सरायझिंगमध्ये तीव्र कॉस्टिकनं तंतू फुगतो, फीत काही प्रमाणात गोल होते, रंग धरायची क्षमता वाढते आणि चमकीतला फरक कमी होतो. पातळ भिंतीच्या तंतूंचे ठिपके यानं बरेच बुजतात. अगदी मृत, भिंत जवळजवळ नसलेले तंतू फुगायलाच काही नसल्यानं तसेच राहतात. म्हणून मर्सराइज केलेल्या कापडावरही ठिपके दिसले तर कॉस्टिकची तीव्रता तपासून घ्या, पण तीव्रता बरोबर असेल तर तिथेच अडकून बसू नका.

एन्झाइमच्या बायोपॉलिशिंगनं पृष्ठभागावर उभे राहिलेले काही गोळे निघतात. विणीत अडकलेले निघत नाहीत. वजन आणि ताकद घटते, त्यामुळे केवळ ठिपक्यांसाठी मात्रा वाढवत जाणं परवडत नाही.

रंगांची निवड हा त्यातल्या त्यात दुर्लक्षित मार्ग. सारखीच शेड देणाऱ्या दोन रेसिपींत कच्चा तंतू झाकण्याची ताकद बरीच वेगळी असू शकते, आणि ती शेडकार्डवरून कळत नाही. यासाठी एक साधी सवय लावून घ्या: ठिपक्यांमुळे बाद झालेल्या ग्रे कापडाचा एक तागा फेकून न देता प्रयोगशाळेत राखून ठेवा. नवी गडद रेसिपी आली की नेहमीच्या कापडाबरोबर या वाईट कापडाचाही तुकडा रंगवा. ज्या रेसिपीत वाईट तुकडा कमी वाईट दिसतो, ती शंकेच्या लॉटसाठी. चांगल्या कापडावर सगळ्याच रेसिपी शहाण्या असतात.

आणि सर्वांत सोपा उपाय व्यापाराचा आहे: शंकेचं सूत पांढऱ्या, फिकट किंवा छापील मालाकडे वळवा. यात कमीपणा काही नाही. फक्त त्यासाठी सूत रंगायच्या आधी कळलं पाहिजे की ते शंकेचं आहे, म्हणून कोनावर (सुताच्या गुंडाळीवर) मिक्सिंगचा क्रमांक हवा.

ठिपक्यांऐवजी आडवे पट्टे येत असतील

गोल विणीच्या कापडात तोच दोष पट्ट्यांच्या रूपानं येतो, याला बारे म्हणतात. मशीनवर एका फीडला (सूत आत जाण्याच्या जागेला) जुन्या मिक्सिंगचा कोन आणि शेजारी नव्याचा, दोन्हींची पक्वता वेगळी, की त्या फीडची ओळ फिकी किंवा गडद उमटते.

पण पट्ट्यांची कारणं कितीतरी आहेत. सुताचा नंबर, पीळ, केसाळपणा, फीडचा ताण, टाक्याची लांबी, झिजलेली सुई. म्हणून आधी पट्ट्याच्या तुकड्याचा रंग हायड्रो आणि कॉस्टिकनं उतरवा. रंग गेल्यावरही पट्टा दिसतो, तर दोष विणीचा किंवा सुताच्या जाडीचा आहे. पट्टा नाहीसा झाला, तर फरक रंग घेण्यात होता; पक्वतेकडे बोट जातं. मग पट्ट्याचं आणि शेजारचं सूत उसवून दोन्हींचे तंतू कॉस्टिकमध्ये मोजा. अतिनील दिव्याखाली ग्रे कापड बघितलं तर मिक्सिंग बदललेलं सूत बऱ्याचदा वेगळ्या छटेत उजळतं. ते रंगवायच्या आधीच कळतं, म्हणून हा दिवा तपासणी टेबलावर असावा. शंकेचे कोन मोज्याच्या छोट्या मशीनवर एकापाठोपाठ एक विणून ती नळी गडद रंगात रंगवणं हीदेखील जुनी आणि चोख परीक्षा.

कच्चेपणा शेतातून येतो तो कसा

भिंत भरण्याच्या आठवड्यांत झाडाला साखर कमी पडली की तंतू कच्चा राहतो. पाण्याचा ताण, पोटॅशची कमतरता, कीड-रोगानं पानं जाणं, बोंडांचा भार झाडाच्या ताकदीपेक्षा जास्त होणं, थंड रात्री, किंवा पानगळीचं औषध घाईनं मारणं. उशिरा लागलेली शेंड्याकडची बोंडं यात सर्वांत आधी सापडतात. म्हणून शेवटच्या वेचण्या आणि फरदडीचा (हंगामानंतर राखलेल्या पिकाचा) कापूस पहिल्या-दुसऱ्या वेचणीत मिसळला की गाठीच्या सरासरीत फार काही दिसत नाही, मृतांचा टक्का मात्र चढतो. वेचण्या वेगळ्या ठेवून आलेला माल जरा जास्त भावानं घेणं, गडद शेड करणाऱ्यांना एकंदर स्वस्तच पडतं.

जिनिंगमध्ये जादा वाळवण आणि एकामागून एक लिंट क्लीनर यांनी रुई पांढरीशुभ्र दिसते व तिच्यात नेप भरतात. डोळ्यानं ग्रेड करणाऱ्याला ती आवडते. रोलर जिनचा माल तुलनेनं कमी गुंतलेला असतो.

कापड रंगून गेलं असेल तर

रंग उतरवून पुन्हा तोच रंग देऊ नका. भिंत पातळच राहणार, ठिपके त्याच जागी परत येतील, आणि मधल्या प्रक्रियांनी कापड आणखी केसाळ होईल. शेड गडद करून ठिपके झाकण्याचा प्रयत्नही फसतो, कारण आजूबाजूचं कापड गडद होतं आणि ठिपका आहे तिथेच राहतो. थोड्या मालासाठी हातानं टिपून काढणं किंवा पेननं रंग लावणं चालतं. मोठ्या लॉटला ते शक्य नाही. खरेदीदार तयार असेल तर गडद छपाई किंवा पिगमेंटचा वरचा हात हा त्यातल्या त्यात चालणारा मार्ग, कारण पिगमेंट बाइंडरनं पृष्ठभागावर चिकटतो आणि त्याला तंतूच्या भिंतीशी देणंघेणं नसतं. स्पर्श कडक होतो आणि घासण्याला रंग कमी टिकतो, हे मात्र आधी सांगून ठेवा. ज्या लॉटचं कापड बाद झालं त्याचे उरलेले कोन त्याच दिवशी वेगळे काढा, नाहीतर तेच कोन पुढच्या महिन्यात ‘नवीन’ तक्रार घेऊन येतात.